यूलची यवसुरा : वर्गणीपासून भेटीपर्यंत

डॅनिश भाषेत मूल जन्मल्यानंतर आईबापांना मिळणाऱ्या रजेला आज ‘बार्सेल’ असे म्हणतात. कार्यालयातील बाई किंवा गृहस्थ ‘बार्सेलवर’ आहेत, असे तेथे सहज बोलले जाते. मराठी वाचकाला येथे आपल्या ‘बारशा’ची आठवण होईल, परंतु ते ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. आपले बारसे बाराव्या दिवसावरून आले. डॅनिश बार्सेल हे ‘बार्न’ म्हणजे मूल आणि ‘ओल’ म्हणजे जवाची सुरा, या दोन शब्दांच्या सामासिक रूपाची झीज होऊन बनले. मूल जन्मले की शेजारणी जमत, घरी गाळलेली सुरा पीत. त्या पानाला आणि त्या मेळाव्याला एकच नाव होते. इंग्रजीतील विवाहविषयक ‘ब्रायडल’ या विशेषणाचीही हीच कथा आहे. मुळात ते विशेषण नव्हतेच. ‘वधूची सुरा’ असा अर्थ असलेले ते नाम होते, आणि त्याच्या शेवटी आलेल्या ‘आल्’ या अक्षरांना पुढील पिढ्यांनी लॅटिन प्रत्यय समजून त्याचे विशेषण केले. नॉर्वेत अंत्यविधीनंतरच्या भोजनाला ‘ग्राव्होल’, म्हणजे ‘थडग्याची सुरा’, हा शब्द अद्याप आहे, मग पाहुण्यांपुढे केवळ कॉफी आणि केक का ठेवलेला असेना. प्राचीन नॉर्वेजियन कायद्यात तर ‘मुक्तीची सुरा’ही आढळते. गुलाम मुक्त झाला, तरी ठरावीक मापाच्या धान्याची सुरा गाळून आणि मेंढा मारून त्याने लोकांना जेवू घातल्याशिवाय त्याला स्वतःच्या व्यवहाराचे पूर्ण अधिकार मिळत नसत.

या सर्व समासांत ‘ओल’ हा शब्द द्रव्यवाचक नाही, प्रसंगवाचक आहे. ही सुरा लोकांनी एकत्र बसून प्यायची आणि पिताना एखाद्या घटनेला साक्षी राहायचे, असा त्याचा पूर्ण आशय होता. या कुळातील सर्वांत प्रसिद्ध समास म्हणजे ‘योल’ या हिवाळी सणाची सुरा. आजच्या नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांत हाच समास नाताळच्या दिवसांत दुकानात मिळणाऱ्या गडद रंगाच्या बिअरच्या बाटलीला लावतात. निरनिराळ्या कारखान्यांच्या अशा बाटल्यांची एक पेटी बांधून ती मित्राला किंवा सासऱ्याला भेट द्यावी, अशी रूढीही आता चांगली रुजली आहे. शब्द तोच राहिला आणि त्याच्या पोटातील प्रसंग गळून त्या जागी वस्तू आली. हा पालट कसा झाला, आणि त्यात जुन्या संस्थेचे नेमके काय गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मद्यपानाच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही.

प्रथम ‘योल’ या शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजी ‘यूल’ हा त्याचाच सहोदर. हा शब्द ख्रिस्ती धर्माहून जुना आहे, याविषयी शंका नाही. इ. स. ७२५च्या सुमारास बीड या इंग्लिश धर्मपंडिताने कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात डिसेंबर आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांना इंग्लिश लोक ‘गिउली’ म्हणत, असे नमूद आहे. गॉथिक पंचांगाच्या एका त्रुटित पानावरही याच कुळातील महिन्याचे नाव सापडते. फिनिश भाषेने तर हा शब्द दोनदा उसना घेतला. एका रूपाचा अर्थ तेथे ‘नाताळ’ असा झाला, तर दुसऱ्याचा ‘कोणताही सण’ असा.

पण शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा त्याचे क्रियापद अधिक बोलके आहे. जुन्या नॉर्स भाषेत हा सण ‘पाळत’ नसत की ‘साजरा करीत’ नसत. तो ‘पीत’ असत. ‘योल द्रेक्का’, म्हणजे ‘यूल पिणे’, हा त्या भाषेतील रूढ वाक्प्रयोग होय. हाराल्द सुकेश राजाच्या स्तुतीपर थोरब्यर्न हॉर्नक्लोफी या कवीची जी रचना इ. स. ९००च्या सुमाराची मानली जाते, तीतही तो आला आहे. राजा घरच्या उबेत न बसता समुद्रावरच यूल पिऊ इच्छितो, असा तेथील भाव आहे. व्याकरणदृष्ट्या येथे सण हे क्रियापदाचे थेट कर्म आहे. मराठीत आपण होळी ‘खेळतो’, मंगळागौर ‘जागवतो’. ज्या एका कृतीवाचून तो सण होऊच शकत नाही, ती कृती क्रियापदाच्या जागी येऊन बसते. रंग वगळून होळी खेळता येणार नाही, तद्वत सुरेवाचून यूल पिता येत नसे.

ख्रिस्ती धर्म नॉर्वेत आला, तेव्हा त्याने या क्रियापदाला हात लावला नाही. त्याने केवळ तारीख बदलली. स्नोरी स्टुर्लुसन हा आइसलंडचा इतिहासकार. त्याने १२३०च्या सुमारास ‘हेइम्सक्रिंगला’ हा नॉर्वेच्या राजांचा इतिहास रचला. तो सांगतो, की दहाव्या शतकातील हाकोन या राजाने यूलचा आरंभ ख्रिस्ती लोकांच्या नाताळाबरोबर व्हावा असा कायदा केला. तत्पूर्वी तो मध्यशिशिराच्या रात्री सुरू होऊन तीन रात्री चाले. हाकोन इंग्लंडात अ‍ॅथेलस्टन राजाच्या दरबारी वाढला होता आणि बाप्तिस्मा घेऊन परतला होता. त्याच कायद्यात पुढे असे कलम होते, की प्रत्येक माणसाकडे एका मापाच्या माल्टची सुरा असावी, नसेल तर त्याने दंड भरावा, आणि सुरा टिकेल तितके दिवस सण पाळावा. सणाची लांबी पंचांगाने ठरत नव्हती. पिंपातील पातळी तिची मर्यादा ठरवीत होती.

स्नोरी हा घटनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी लिहीत होता, म्हणून त्याच्या शब्दावर किती भार टाकावा हा प्रश्न उरतोच. परंतु या बाबतीत दुसरा एक साक्षीदार उपलब्ध आहे, आणि तो कथाकार नसून कायदा आहे. पश्चिम नॉर्वेतील सोग्न फियोर्दाच्या मुखापाशी गुलेन येथे शेतकऱ्यांची लोकसभा भरत असे. तिच्या कायद्याची मुख्य हस्तलिखित प्रत १२५०च्या सुमाराची आहे आणि तिच्यातील मजकूर त्याहून पुष्कळ जुना आहे. त्या संहितेच्या अगदी आरंभी, ख्रिस्ती धर्मविषयक भागात, बिशप, चर्च आणि पुरोहित यांच्यासंबंधीच्या कलमांना लागूनच सुरा गाळण्याविषयीची दोन कलमे येतात. त्यांची वाक्यरचना ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘अमुक करावे’ असा विध्यर्थ तेथे नाही. प्रथमपुरुषी अनेकवचन आहे : आम्ही असे वचन दिले आहे. कायदा येथे आज्ञा करीत नसून नवस सांगतो आहे.

पहिले कलम शरद ऋतूतील सुरेचे. गृहस्थ आणि गृहिणी या दोघांच्या नावे सारख्या मापाने ती गाळावी आणि सर्व संतांच्या दिवसापर्यंत, म्हणजे १ नोव्हेंबरपर्यंत, ख्रिस्त व मारिया यांच्या नावाने ती मंत्रवून घ्यावी. नंतर कळीची अट येते. कमीत कमी तीन घरांनी आपली सुरा एकत्र आणावी. यासाठी ‘साम्बुर्दारओल’ असा शब्द योजला आहे. ‘साम’ म्हणजे सम, एकत्र (संस्कृत ‘सम’चा तो सख्खा भाऊ), आणि ‘बुर्द’ म्हणजे वाहून आणणे, जो आपल्या ‘भृ’ धातूचा नातलग आहे. संस्कृतात शब्दशः बोलावयाचे तर ‘संभृत सुरा’. आणि रोजच्या मराठीत सांगायचे तर वर्गणीची सुरा. एखादा मनुष्य इतक्या दूरच्या बेटावर किंवा इतक्या उंच डोंगरात राहत असेल, की आपली सुरा दुसऱ्यांच्या सुरेशी मेळवणे त्याला शक्य नाही, तर त्याने एकट्याने तीन घरांइतकी गाळावी. ज्याची गुरे सहा गाईंहून कमी किंवा पेरणी ठरावीक मापाहून कमी, त्याच्यावर सक्ती नव्हती.

दुसरे कलम नाताळच्या सुरेचे. ती पवित्र रात्री मंत्रवून घ्यावी. न घेतल्यास बिशपला दंड. आणि जो तीन हिवाळे सुरा गाळणार नाही व दंडही भरणार नाही, त्याची सर्व मालमत्ता जप्त होऊन निम्मी राजाची, निम्मी बिशपची होईल. त्याने पापाची कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावे, न घेतल्यास देश सोडून जावे. सणाला पेय केले नाही म्हणून घरदार जप्त करून हद्दपारी, ही शिक्षा आपल्याला विक्षिप्त वाटते. परंतु येथे गुन्हा पेय न करण्याचा नव्हता. गावाच्या संकल्पातून स्वतःचा वाटा काढून घेण्याचा तो गुन्हा होता. सुरा मंत्रवताना जे सूत्र उच्चारायचे, ते या कलमांत दिले आहे : ‘तिल आर्स ओक तिल फ्रिदार’, अर्थात चांगल्या सुगीसाठी आणि शांततेसाठी. सुगी एका घरापुरती येत नाही, शांतता तर नाहीच. म्हणून त्यांच्यासाठी करावयाचे पेयही एका घराचे असू शकत नव्हते. दूरच्या बेटावरील एकट्या माणसाला तिप्पट सुरा गाळायला लावणारे कलम मला या दृष्टीने फार मोलाचे वाटते. तो एकटा असला, तरी त्याने तीन घरे बनूनच प्यायचे होते.

हेच सूत्र स्नोरीने मूर्तिपूजकांच्या तोंडीही घातले आहे. त्रोन्दहाइमजवळील ह्लादिर येथील यज्ञाचे त्याने जे वर्णन केले, त्यात न्योर्द व फ्रेय या देवांच्या नावाने सुगी आणि शांततेसाठी चषक उचलले जातात. यावरून ख्रिस्ती पुरोहितांनी जुन्या देवांचा मंत्र तसाच उचलला, असा निष्कर्ष फार काळ काढला जात असे. जर्मन संशोधक क्लाउस ड्यूवेल यांनी १९८५ साली ह्लादिरच्या वर्णनावर स्वतंत्र ग्रंथ लिहून या वर्णनाच्या विश्वसनीयतेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. स्नोरीने आपल्या काळातील ख्रिस्ती आचारच मागे नेऊन मूर्तिपूजकांवर लादले असतील, असे त्यांच्या विवेचनाचे धोरण आहे. हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. सूत्र कोणत्याही दिशेने गेले असो, दोन्हीकडे ते सामायिक पेयालाच जोडलेले आहे, एवढे आपल्याला पुरे.

ह्लादिरच्याच प्रकरणात एक तपशील आहे, आणि वर्गणी व भेट यांतील भेद त्याने उजळून निघतो. तेथील मेळाव्याला सर्व शेतकऱ्यांनी आपापली शिधासामग्री आणावी, असा प्रघात स्नोरी सांगतो. मात्र एका प्रसंगी सिगुर्द यार्ल या सरदाराने संपूर्ण मेजवानीचा खर्च एकट्याने सोसला. ही गोष्ट इतकी अपूर्व ठरली, की कोर्माक या कवीने ती स्तुतिकाव्यात गोवली. म्हणजे यजमानाने सर्वांना पाजणे हा नियम नव्हता. तो काव्यविषय होण्याइतका अपवाद होता.

यूलच्या भेटी त्या समाजात नव्हत्या असे मात्र नाही. ‘योलाग्योफ’, म्हणजे यूलची भेट, हा समासही जुनाच आहे. एगिल या आइसलंडच्या कवीला त्याचा मित्र आरिनब्यर्न याने यूलची भेट म्हणून सोन्याच्या गुंड्यांचा पायघोळ रेशमी झगा दिल्याची हकीकत एगिलच्या सागामध्ये आहे. ओलाफ हाराल्दसन हा राजा यूलच्या आठव्या दिवशी आपल्या माणसांना तलवारी वगैरे वाटत असे. या भेटी वरून खाली येतात : राजाकडून सेवकाकडे, आश्रयदात्याकडून कवीकडे. त्या टिकाऊ असतात, अंगावर मिरवता येतात आणि घेणाऱ्याला बांधून ठेवतात. सुरेचा मार्ग निराळा होता. ती वरून खाली येत नव्हती, चोहोंकडून मध्यभागी येत होती.

अर्थात बड्या घरांना ही समता मानवण्यासारखी नव्हती. सुरा पाजण्याचे सामर्थ्य हे प्रतिष्ठेचे माप बनले, की वर्गणी बाजूला पडून तिची जागा यजमानपण घेऊ लागते. त्याची किंमत काय होऊ शकते, हे स्नोरीच्याच ग्रंथातील आस्ब्यर्न सिगुर्दसनच्या कथेत दिसते. आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे, ट्रोन्देनेस येथे आस्ब्यर्नचे घराणे नांदत होते. त्याचा बाप मूर्तिपूजक असताना वर्षातून तीन यज्ञोत्सव करी : हिवाळ्याच्या तोंडाशी, मध्यशिशिरात आणि उन्हाळ्याच्या आरंभी. बाप्तिस्मा घेतल्यावर त्याने संख्या तीनच ठेवली, केवळ मधल्या उत्सवाचे यूल झाले आणि शेवटच्याचा ईस्टर. बाप वारला तेव्हा आस्ब्यर्न अठरा वर्षांचा होता. त्याने तिन्ही मेजवान्या चालू ठेवल्या. मग उत्तरेत लागोपाठ नापिकी झाली. आई सिग्रिद हिने एखादी मेजवानी कमी करण्याचे सुचवले. मुलाने ऐकले नाही. प्रथम त्याने साठवणीतले धान्य वापरले, मग मिळेल तेथून विकत घेतले. शेवटी तो गलबत घेऊन दक्षिणेला निघाला.

इकडे ओलाफ राजाने दक्षिणेकडील धान्य, माल्ट आणि पीठ उत्तरेला नेण्यास मनाई केलेली होती. आस्ब्यर्नचा मामा एर्लिंग स्क्याल्गसन हा दक्षिणेतील बलाढ्य सरदार होता. त्याने पळवाट काढली. आपण राजाज्ञेने बांधलेले आहोत, पण आपले गुलाम कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा माल त्यांच्याकडून घ्यावा. (कायद्याच्या अक्षराशी असे खेळणे एखाद्या निष्णात वकिलालाच सुचावे.) आस्ब्यर्नने माल भरला आणि परत निघाला. वाटेत आव्हाल्दस्नेस येथे राजाचा कारभारी थोरिर सेल याने गलबत अडवले, सारा माल उतरवून घेतला, वर गलबताचे उत्तम शीडही काढून त्या जागी जुनेरे शीड दिले. आस्ब्यर्न रित्या हाताने घरी पोचला. त्या यूलला त्याच्या घरी मेजवानी झाली नाही. चुलता थोरिर हुंद याने त्याला आपल्याकडे बोलावले, पण तो गेला नाही. चुलत्याने मग त्याच्या त्या सफरीची जी थट्टा केली, ती त्याच्या कानावर आलीच.

पुढील ईस्टरला आस्ब्यर्न पुन्हा दक्षिणेत आला. राजा भोजनाला बसला होता. थोरिर सेल त्याच्यापुढे उभा राहून आस्ब्यर्नचे गलबत कसे लुटले याची रसभरित कथा सांगत होता. शीड काढले तेव्हा तर तो रडलाच, असे तो म्हणाला. दाराशी उभ्या असलेल्या आस्ब्यर्नने ते ऐकले आणि आत शिरून एका घावात त्याचे मस्तक उडवले. ते राजाच्या मेजावर पडले. पुढे एर्लिंगने मोठे सैन्य आणून भाच्याचे प्राण वाचवले, पण ते तात्पुरते. राजाच्या बाजूच्या एका माणसाने समुद्रावर भाला फेकून आस्ब्यर्नला ठार केले. सिग्रिदने तोच भाला दीर थोरिर हुंदच्या हाती दिला आणि तो ओलाफच्या छातीत रुतावा अशी इच्छा बोलून दाखवली. १०३० साली स्टिक्लेस्टादच्या लढाईत ओलाफ पडला, तेव्हा त्याला झालेल्या तीन जखमांपैकी एक थोरिर हुंदच्या भाल्याची होती. हाच ओलाफ पुढे नॉर्वेचा संत ठरला.

कथेतील संवाद आणि योगायोग स्नोरीच्या लेखणीचे असतील. पण त्याच्या श्रोत्यांना कथेचे मूळ कारण पटत होते, ही गोष्ट महत्त्वाची. एका तरुणाच्या घरी यूलला पाजायला सुरा नाही, एवढ्यावरून राजहत्येपर्यंत जाणारी साखळी त्यांना अतिशयोक्त वाटली नाही. गुलाटिंगच्या कलमात गरिबाला सूट होती आणि शेजाऱ्याची जोड होती. आस्ब्यर्नला ती जोड घेता येत नव्हती, कारण तो वाटेकरी नव्हता, यजमान होता.

सुरा सामायिक राहण्यामागे संकल्पाइतकेच साधे भौतिक कारणही होते. हॉपची फुले न घातलेली जवाची सुरा फार दिवस टिकत नाही; ती आंबते. साठवून ठेवणे, मोजून विकणे, लांब पाठवणे हे तिच्या बाबतीत अवघड. गाळली की माणसे बोलवावीत आणि संपवावी. नॉर्वेत लाकडी पट्टीवर खुणा कोरून वर्षाचे पंचांग ठेवीत. त्यावर २१ डिसेंबर या संत थॉमसच्या दिवशी कित्येकदा पिंपाची खूण असते. लोक त्या संताला ‘सुरा गाळणारा थॉमस’ म्हणत, कारण तोवर यूलची सुरा तयार व्हावी आणि शेजाऱ्यांनी एकमेकांकडे जाऊन ती चाखावी, असा रिवाज होता. २५ डिसेंबरची खूण पुष्कळदा पिण्याच्या शिंगाची. जानेवारीच्या १३ तारखेला काही पट्ट्यांवर तेच शिंग उपडे दाखवले आहे.

आणि सुरेच्याही आधी वाटून घ्यावी लागे ती तिची आंबवण. पश्चिम नॉर्वेत तिला ‘क्वेइक’ म्हणतात. चेतवणे, पेटवणे या अर्थाच्या क्रियापदाशी हा शब्द संबद्ध आहे. त्याचे मूळ ‘जिवंत’ या अर्थाच्या विशेषणात असून इंग्रजी ‘क्विक’ आणि संस्कृत ‘जीव’ ही त्याच मुळाची अपत्ये आहेत. किण्व म्हणजे सूक्ष्म जीव, हे विज्ञानाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले. शेतकऱ्यांच्या भाषेत ते आधीच नोंदलेले होते. भोके पाडलेल्या लाकडी ओंडक्यावर किंवा लाकडी कड्यांच्या माळेवर हे किण्व वाळवून पुढच्या वेळेपर्यंत ठेवीत. कोणाचे बिघडले तर तो शेजाऱ्याकडून आणी, जसे आपण विरजण आणतो. विरजणाचा हिशेब कोणी ठेवत नाही. आज आपण आणतो, उद्या शेजारीण नेते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ही नॉर्वेजियन किण्वे माणसाळलेल्या यीस्टचा एक वेगळा गट असल्याचे दिसून आले. ओड नोर्दलांद यांनी १९६९ साली नॉर्वेतील घरगुती सुरापरंपरेवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या वस्तूंचे व रिवाजांचे विपुल वर्णन मिळते.

इंग्लंडमध्ये याच परंपरेचा शब्द निराळ्या वाटेने गेला. ‘वॉसेल’ हा मुळात ‘स्वस्थ रहा’ अशा अर्थाचा आशीर्वाद. त्यातील ‘वेस्’ हा अवयव आपल्या ‘वस्’ (राहणे) धातूचा नातलग होय. चषक देताना हे शब्द म्हणावयाचे, अशी रीत होती. बाराव्या शतकात जॉफ्री ऑफ मॉन्मथ याने आपल्या ग्रंथात एका राजाच्या कथेत ती वर्णिली आहे. पुढे आशीर्वादाचे नाव पेयाला पडले, पेयाचे नाव पात्राला, आणि अखेर दारोदार गाणी म्हणत फिरण्याच्या प्रथेला. त्या प्रथेत गरीब लोक धन्याच्या दारी येत, शुभ चिंतीत आणि पेय किंवा नाणे घेत. येथे मध्यभागी पिंप उरले नाही; दार उरले, त्याच्या आत देणारा आणि बाहेर घेणारा.

उत्तर युरोपात जुनी संस्था मोडली ती एका घावाने नव्हे. हॉपच्या वापराने सुरा टिकाऊ झाली. स्वीडनमध्ये तर १४४२च्या कायद्याने प्रत्येक शेतकऱ्याला हॉपच्या वेलीसाठी चाळीस खांब ठेवण्याचे बंधन घातले होते. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियन पद्धतीची बिअर आली. कार्ल्सबर्गचा संस्थापक याकोब्सेन याने १८४५ साली म्यूनिकहून किण्व आणले, तेही तेथील कारखानदाराच्या सौजन्यानेच. मात्र १८८३ साली त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन याने एका पेशीपासून शुद्ध किण्व वाढवले, आणि शेजाऱ्याच्या भांड्याची गरज तत्त्वतः संपली. त्यानंतरची बिअर दर वेळी सारखी होती, बाटलीत बंद करता येत होती, वर्षभर ठेवता येत होती. जी वस्तू ठेवता येते, तीच भेट देता येते.

यूलच्या सुरेचे बाटलीत झालेले हे पुनरागमन बरेच अर्वाचीन आहे. डेन्मार्कमध्ये टुबोर्ग कंपनीने १९८० साली चित्रपटगृहांसाठी एक छोटी रंगीत जाहिरात केली. तीत दाखवलेली नाताळची बिअर प्रत्यक्ष बाजारात १९८१ साली आली. १९९०पासून तिच्या आगमनाचा दिवस पाळला जाऊ लागला. आता नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री ८ वाजून ५९ मिनिटांनी कंपनीची माणसे मद्यालयांत येऊन काही बाटल्या फुकट वाटतात. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली आणि पुढे ऑस्ट्रियात गेलेली ‘सामिक्लाउस’ ही अत्यंत कडक बिअर वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी गाळतात. सान फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५पासून दरवर्षी नवी कृती आणि लेबलावर नवे झाड अशी नाताळची बिअर काढली. तो कारखाना २०२३ साली बंद पडला. बेल्जियममधील कित्येक कारखाने नाताळसाठी मसालेदार, गडद बिअर करतात. या विविधतेतूनच पेटीची कल्पना निघाली : सहा, बारा किंवा नाताळपूर्वीच्या चोवीस दिवसांसाठी चोवीस निरनिराळ्या बाटल्या. ज्यांना मद्य नको, त्यांच्यासाठी स्वीडनमध्ये १९१०पासून ‘यूलमुस्त’ हे गोड पेय आहे, आणि तेथील नाताळच्या मेजावर त्याला मानाचे स्थान आहे.

पेटीला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. चार मित्र बसून एक-एक बाटली फोडतात, लहान पेल्यांत वाटतात, कोणती चांगली यावर भांडतात, तेव्हा काही अंशी जुना मेळावाच भरतो. परंतु दोहोंतील फरक रसिकतेचा नाही, रचनेचा आहे. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक घर सारख्या मापाने आणी, आणि सर्वांसाठी एकच संकल्प बोलला जाई. माझी सुरा कोणती आणि तुझी कोणती, हा प्रश्न गौण होता. पेटीत बाटल्या बारा आणि देणारा एक असतो. निवड त्याची, आणि त्या निवडीतून दिसणारी अभिरुचीही त्याची. घेणाऱ्यावर पुढच्या नाताळला परतफेडीचे ओझे येते, जसे आपल्याकडे अहेराचे येते. वर्गणीत ऋण उरत नसे, कारण ज्याने आणले तोच पीतही असे. भाषेने हा पालट नेमका टिपला आहे. ‘यूल पिणे’ या प्रयोगात सण कर्म होता. आज तो ‘यूल-बिअर’ या समासात विशेषणाच्या जागी जाऊन बसला, आणि कर्माच्या जागी बाटली आली.

जुनी रचना अगदी नामशेष मात्र झालेली नाही. फॉस, होर्निन्दाल अशा पश्चिमेकडील भागांत शेतकरी अजून जुनिपरच्या डहाळ्यांच्या पाण्यात माल्ट भिजवून, घरच्या क्वेइकने, विशेषतः नाताळासाठी सुरा गाळतात. सुरा आंबून तयार झाली, की ती पिंपात भरण्याच्या वेळी शेजारी चाखायला जमतात. या लहानशा मेळाव्याला ‘ओप्पस्कोके’ असे स्वतंत्र नाव आहे. मध्य नॉर्वेतील स्त्योर्दाल येथे लोक माल्टही स्वतः तयार करतात. त्यासाठी लागणारी भाजणीची लहान घरे एकेका शेताची नसून पुष्कळदा अनेकांनी मिळून बांधलेली असतात, आणि पाळीपाळीने वापरली जातात. परवान्यावाचून घरची सुरा विकण्यास नॉर्वेच्या आजच्या कायद्याने बंदी आहे, म्हणून ती पाहिजे असेल तर कोणाच्या तरी घरी जाऊनच प्यावी लागते.